पूरककोन ९०° चा की १८०° चा? आणि कोनमापकावरचा कुठला आकडा धरायचा?

सातवी_ब

मुलगी मराठी माध्यमात सातवीला आहे. कोन आणि कोनांच्या जोड्या हा भाग घरी घेताना चार ठिकाणी गाडी अडली आहे. जाणकारांनी सांगावं.

१. पुस्तकात मापांची बेरीज ९०° असेल तर कोटिकोन आणि १८०° असेल तर पूरककोन असं दिलंय. तिने हिंदीतला एक व्हिडिओ पाहिला, त्यात ९०° च्या जोडीलाच 'पूरक' म्हटलंय. चूक कोणाची?

२. एकच कोन ती एकदा ६५° मोजते, एकदा ११५°. कोनमापक तोच, आकृती तीच.

३. सरावपत्रिकेत '१२५° मापाच्या कोनाचा कोटिकोन व पूरककोन लिहा' असा प्रश्न आहे. ९० − १२५ = −३५. मग −३५° लिहायचं का?

४. ३७° ४२′ १८″ चा कोटिकोन काढायचा होता. तिचं उत्तर ५३° ५८′ ८२″ आलं. हे चुकलंय एवढं मला कळतं, पण नेमकं कुठे ते समजावता येत नाही.

कंपासपेटी

क्रमानेच घेतो.

पहिल्यात चूक कोणाचीच नाही. हिंदी पुस्तकांत ९०° च्या जोडीला 'पूरक' आणि १८०° च्या जोडीला 'संपूरक' म्हणतात. आपल्याकडे ९०° ला 'कोटि' आणि १८०° ला 'पूरक'. म्हणजे शब्द तोच, पण दोन भाषांत दोन वेगळ्या जोड्यांना लागलेला. व्हिडिओ पाहू द्या, पण मराठी उत्तरपत्रिकेत मराठी शब्दच धरायचा. लक्षात ठेवायला क ला क जोडा: कोटिकोनांची बेरीज काटकोन. पुढे इंग्रजी नावं येतील तेव्हाही हे चालतं, कॉम्प्लिमेंटरी–काटकोन आणि सप्लिमेंटरी–सरळकोन. आणि 'कोटि' म्हणजे इथे शंभर लाख नव्हेत, हेही एकदा सांगून टाका. मुलं विचारत नाहीत, पण डोक्यात ते असतं.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अर्धवर्तुळाकार कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून वाढत जाणारी आणि एक उजवीकडून. कुठल्याही रेघेवर जे दोन आकडे दिसतात त्यांची बेरीज १८०: ६५ आणि ११५, ४० आणि १४०, २२ आणि १५८. म्हणून चुकीची ओळ वाचली तर येणारा आकडा कसाही भलता नसतो, तो बरोबर मापाचा पूरककोनच असतो. तुमच्या मुलीच्या ६५ + ११५ ची बेरीज करून बघा. तिची मोजणी दोन्ही वेळा नीट झालीय, फक्त एकदा वाचताना ओळ चुकली.

यावर उपाय एकच: कोनमापक हातात घेण्याआधी कोनाचं नाव ठरवायचं. लघुकोन की विशालकोन? वहीत आधी शब्द लिहायचा, मग मोजायचं. 'लघुकोन' लिहिलंय आणि आकडा ११५ आला तर तिची तीच थांबते. वर्गीकरण हा धडा पुस्तकात मोजमापाच्या आजूबाजूला असतो तो यासाठीच, पण शिकवताना तो नुसता व्याख्या पाठ करण्याचा धडा होऊन बसतो.

डोळ्यांना खात्री नसेल तर कागदाचा गुण्या करा. कुठलाही कागद, फाटका असला तरी चालेल, एकदा दुमडा. मग दुमडलेली कड स्वतःवरच पडेल अशी दुसरी घडी घाला. जो कोपरा तयार होतो तो काटकोन. (पहिली घडी म्हणजे सरळकोन, दुसरीने त्याचे दोन सारखे भाग केले.) तो कोपरा शिरोबिंदूवर, एक कड भुजेवर. दुसरी भुजा कागदाखाली लपली तर लघुकोन, बाहेर उघडी राहिली तर विशालकोन, कडेला बरोबर लागली तर काटकोन. ८८° आणि ९२° यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिथे हाच कागद कामाला येतो.

मोजताना आणखी तीन गोष्टी बिघडतात.

एक, कोनमापकाची खालची काठ आणि शून्याची आधाररेषा एकच नसतात. बऱ्याच प्लॅस्टिकच्या कोनमापकांत आधाररेषा काठेच्या काही मिलिमीटर वर असते. मुलं काठ भुजेवर ठेवतात, म्हणजे केंद्र शिरोबिंदूवरून सरकतं आणि माप दोन-चार अंशांनी हलतं. केंद्राची खूण शिरोबिंदूवर, आधाररेषा भुजेवर, या क्रमाने ठेवायचं.

दोन, भुजा आखूड असेल तर ती आकड्यांपर्यंत पोचत नाही आणि मग अंदाजपंचे. पट्टीने भुजा खुशाल वाढवा. भुजा म्हणजे किरण, तो लांबवल्याने कोन मोठा होत नाही. 'लांब भुजांचा कोन मोठा' हा समज किती घट्ट असतो ते एक आकृती काढून विचारा: ४ सेंमी भुजांचा ७०° आणि १० सेंमी भुजांचा ५०°. मोठा कोणता?

तीन, बोथट पेन्सिल. ५ सेंमी त्रिज्येच्या कोनमापकावर १° म्हणजे कडेला जेमतेम ०.८७ मिमी. पेन्सिलीची रेघच अर्ध्या मिलिमीटरची असेल तर अर्ध्याहून जास्त अंश तिथेच गेला. त्यामुळे हाताने मोजलेलं माप एका अंशाने इकडेतिकडे असेल तर ते चुकलं म्हणू नका. पूरककोनांएवढा फरक आला तर मात्र म्हणा.

कंपासपेटी

तिसरा आणि चौथा राहिला होता.

−३५° लिहू नका. शाळेच्या भूमितीत कोनाचं माप ऋण नसतं (पुढे त्रिकोणमितीत फिरण्याची दिशा धरतात तेव्हा येतं, ते वेगळं). उत्तर असं लिहा: '१२५° हा विशालकोन आहे, त्याचं माप ९०° पेक्षा जास्त असल्याने त्याला कोटिकोन नाही. पूरककोन = १८०° − १२५° = ५५°.' असा प्रश्न कधी चुकून येतो, कधी मुद्दाम टाकतात. दोन्ही वेळा कारणासह 'नाही' लिहिणं बरोबर.

इथेही आधी नाव ठरवलं की निम्मं काम होतं. लघुकोनाला दोन्ही असतात: कोटिकोन लघुकोनच, पूरककोन मात्र विशालकोन. विशालकोनाला फक्त पूरककोन असतो, आणि तो लघुकोन. काटकोनाचा पूरककोन काटकोनच, कोटिकोन ०°, म्हणजे शून्य कोन. सरळकोनाचा पूरककोन ०°. प्रविशालकोनाला, म्हणजे १८०° च्या वर आणि ३६०° च्या आत, दोन्हीपैकी काहीच नाही. हे पाठ करायची गरज नाही. उत्तर आल्यावर त्याचं नाव या चौकटीत बसतं का एवढंच पाहायचं. ७४° चा पूरककोन कुणी १६° लिहिला तर वजाबाकी तपासायच्या आधीच कळतं की चुकून कोटिकोन काढलाय, कारण लघुकोनाचा पूरककोन लघुकोन असूच शकत नाही.

आता मिनिटं-सेकंद. तिने ९० मधून ३७ वजा केले, आणि मिनिटं व सेकंद दोन्ही १०० मधून. रुपये-पैशांची सवय. इथे १° = ६०′ आणि १′ = ६०″, घड्याळासारखं. उत्तरात ८२″ दिसले तिथेच शंका यायला हवी होती, कारण ६० किंवा त्याहून जास्त मिनिटं-सेकंद उत्तरात कधीच उरत नाहीत. ९०° आधीच मोडून लिहायला लावा:

९०° = ८९° ५९′ ६०″

त्यातून ३७° ४२′ १८″ वजा:

सेकंद ६० − १८ = ४२
मिनिटं ५९ − ४२ = १७
अंश ८९ − ३७ = ५२

कोटिकोन ५२° १७′ ४२″. हातचा घ्यावाच लागत नाही. पूरककोनासाठी १८०° = १७९° ५९′ ६०″ मोडा, उत्तर १४२° १७′ ४२″. पाहिलंत? मिनिटं-सेकंद तेच, अंशांत बरोबर ९० चा फरक. कुठल्याही लघुकोनाचा पूरककोन त्याच्या कोटिकोनापेक्षा ९०° नेच मोठा असतो. दोन्ही काढायचे असतील तर एक काढा, दुसरा त्यावरून ताडून बघा.

जाता जाता: ३७.५° म्हणजे ३७° ३०′, ३७° ५०′ नव्हे. ही चूक मोठी माणसंही करतात.

दोनरेघी

वरचं सगळं ठीक, पण एक राहिलं. पूरककोन व्हायला दोन कोन संलग्न असावे लागतात. एक भुजा सामाईक, बाकीच्या दोन भुजा एका रेषेत. नाहीतर नुसती बेरीज १८०° येऊन काय उपयोग?

कंपासपेटी

नाही, ती रेषीय जोडी झाली. पूरककोनांच्या व्याख्येत फक्त मापांची बेरीज आहे, जागा नाही. एक कोन वहीच्या पहिल्या पानावर ११०° चा आणि दुसरा शेवटच्या पानावर ७०° चा असला तरी ते परस्परांचे पूरककोन. रेषीय जोडीतले कोन नेहमी पूरक असतात, पूरककोन मात्र नेहमी रेषीय जोडीत नसतात. समांतरभुज चौकोनाचे लगतचे दोन कोन घ्या. ते पूरक असतात, पण त्यांचे शिरोबिंदू वेगळे, मग संलग्न कुठले?

उलट बाजूनेही घोटाळा होतो. संलग्न दिसले की पूरक धरून टाकायचं. ४०° आणि ३०° शेजारी काढले तर संलग्न आहेत, पण कोटिही नाहीत आणि पूरकही नाहीत.

आणि हे दोन्ही शब्द दोनच कोनांसाठी. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८०° असते म्हणून 'तिन्ही पूरक' असं लिहिलेलं उत्तर बरोबर धरत नाहीत. काटकोन त्रिकोणातले दोन लघुकोन मात्र नेहमी एकमेकांचे कोटिकोन.

दोनरेघी

मान्य. रेषीय जोडीचीच आकृती डोक्यात बसली होती.

गुण्यात_बसवा

कोनमापकाच्या दोन ओळींबद्दल वाचून लिहावंसं वाटलं, कारण लाकूडकामात हीच चूक पैशात मोजावी लागते. तिथे गल्लत पूरककोनाची नसते, कोटिकोनाची असते.

मायटर सॉच्या, म्हणजे लाकडाची पट्टी हव्या त्या कोनात कापणाऱ्या मशीनच्या, टेबलावर पातं पट्टीला सरळ आडवं, म्हणजे काटकोनात असतं तेव्हा काटा ० दाखवतो. भूमितीने विचाराल तर पात्याचा आणि पट्टीच्या लांबीचा कोन तेव्हा ९०° आहे. काटा ३० वर नेला की पट्टीचं टोक ६०° चं कापलं जातं. म्हणजे मशीनचा आकडा हा लाकडाच्या टोकाच्या कोनाचा कोटिकोन. चौकोनी फ्रेमला ४५ लागतो आणि ४५ चा कोटिकोन ४५ च, म्हणून ही गोष्ट वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही. षटकोनी चौकट करायला घेतली की फटका बसतो. आतला कोन १२०°, निम्मा ६०°, म्हणून काटा ६० वर न्यायला जातात. हवा असतो ३०.

हिशेब सोपा आहे. कोपऱ्याचा पूरककोन काढा, त्याचा निम्मा म्हणजे मशीनचा आकडा.

चौकोन: कोपरा ९०°, पूरककोन ९०°, काटा ४५ वर.
षटकोन: कोपरा १२०°, पूरककोन ६०°, काटा ३० वर.
अष्टकोन: कोपरा १३५°, पूरककोन ४५°, काटा २२.५ वर.

सगळ्या बाजू आणि कोपरे सारखे असतील तर १८० ला बाजूंच्या संख्येने भागलं तरी तेच येतं.

त्रिकोणी चौकटीत वेगळीच अडचण. कोपरा ६०°, पूरककोन १२०°, निम्मा ६०. बऱ्याच मशीनचा टेबल ४५ च्या थोडा पुढे जाऊन थांबतो, ६० पर्यंत जातच नाही. तिथे पुन्हा कोटिकोन मदतीला येतो. मागच्या आधारपट्टीला काटकोनात एक सरळ ठोकळा पक्का बसवायचा, पट्टी त्याला लावून धरायची आणि काटा ३० वर ठेवायचा. पट्टीच ९०° फिरवली म्हणून ६० च्या जागी ३० चालतो. पण अशी पट्टी हाताने धरून कापू नका, क्लॅम्प लावा. आधार कमी असतो, पातं पट्टी ओढतं.

घराचा कोपरा ९०° असतोच असं समजू नका. स्कर्टिंग किंवा बीडिंग (भिंतीच्या तळाला किंवा कडेला लावायच्या पट्ट्या) लावताना कोपऱ्यात आधी गुण्या धरा. फट दिसली तर कोन मोजा. ९३° भरला तर पूरककोन ८७°, निम्मा ४३.५. भिंतीचा बाहेरचा कोपरा असेल आणि मधल्या भिंतीचा कोन ९३° असेल तरी आकडा ४३.५ च. खोलीच्या बाजूने तो २६७° चा प्रविशालकोन दिसतो, त्याला पूरककोन नाही, म्हणून तिथे भिंतीच्या अंगाचा कोन धरायचा.

आणखी एक. डिजिटल कोनमापी, दोन पट्ट्या आणि मधे पडदा असलेली, तिच्यावरचा आकडा बघताच कापायला जाऊ नका. काही उपकरणं दोन पात्यांमधला कोन दाखवतात, काही पूर्ण उघडल्यावर ० धरून उलटे मोजतात, म्हणजे पूरककोन दाखवतात. ओळखायचं कसं? पट्ट्या मिटवा. ० दाखवलं तर आतला कोन, १८० दाखवलं तर पूरककोन.

चूक साचते कशी तेही सांगतो. चौकटीला चार कोपरे, आठ काप. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने एकाच बाजूला चुकला तर शेवटच्या सांध्याला ४° ची फट. अष्टकोनाला सोळा काप, ८° ची फट. वर कंपासपेटींनी वहीत एक अंश माफ केलाय, लाकडात तो माफ होत नाही.

सातवी_ब

सगळ्यांचे आभार. 'आधी नाव, मग माप' चाललं. आज दहा कोन मोजले, एकही उलटा वाचला नाही. आता शाब्दिक उदाहरणं. 'एका कोनाचा पूरककोन त्याच्या कोटिकोनाच्या चौपट आहे, तर तो कोन काढा.' आणि दुसरं, 'एका कोनाचं माप त्याच्या कोटिकोनापेक्षा २४° ने जास्त आहे.' दुसऱ्याचं तिचं उत्तर ६६°.

कंपासपेटी

पहिलं. कोन क्ष° माना. कोटिकोन ९० − क्ष, पूरककोन १८० − क्ष.

१८० − क्ष = ४(९० − क्ष)
१८० − क्ष = ३६० − ४क्ष
३क्ष = १८०
क्ष = ६०

ताळा: कोटिकोन ३०°, पूरककोन १२०°, चौपट आहे. यात हमखास चुकतं ते म्हणजे कंसाबाहेरच्या ४ ने फक्त ९० ला गुणणं आणि क्ष तसाच ठेवणं. मग १८० − क्ष = ३६० − क्ष असं अशक्य समीकरण येतं आणि मुलं अडकतात.

समीकरण न मांडताही होतं. पूरककोन कोटिकोनापेक्षा ९०° ने मोठा, हे वर आलंच आहे. चौपट म्हणजे तीन भाग जास्त. तीन भाग = ९०°, एक भाग = ३०°. हाच कोटिकोन. तिप्पट म्हटलं असतं तर दोन भाग = ९०°, कोटिकोन ४५°, कोनही ४५°. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत वेळ वाचतो.

घरी उदाहरणं तयार करणार असाल तर एक सांभाळा: पूरककोन कोटिकोनाच्या दुपटीपेक्षा कमी कधीच नसतो. बरोबर दुप्पट म्हटलं तर एक भाग ९०°, म्हणजे कोटिकोन ९०° आणि मूळ कोन ०°. 'दीडपट' म्हटलं तर कोटिकोन १८०° येतो, म्हणजे उदाहरणच खोटं. अशी उदाहरणं सरावपत्रिकांत सापडतात. मुलं तासभर डोकं लावतात.

दुसरं. ६६ आलं कारण तिने ९० − २४ केलं आणि तिथेच थांबली. ६६ हे दोन सारख्या भागांची बेरीज आहे: जास्तीचे २४ बाजूला काढले की उरलेल्या ६६ चे दोन सारखे भाग, ३३ आणि ३३. लहान कोन ३३°, त्यात २४ मिळवले की ५७°. विचारलंय मोठ्या कोनाबद्दल, म्हणून उत्तर ५७°. इथे अर्धं उत्तर लिहून ३३° वर थांबणारीही असतात. म्हणून शेवटी प्रश्नाचं वाक्य पुन्हा वाचायला लावा आणि त्यात उत्तर भरून बघा: '५७° हे ३३° पेक्षा २४° ने जास्त.'

गुणोत्तराचं आलं तर घाबरायचं कारण नाही. कोटिकोन २ : ३ मध्ये, तर पाच भाग = ९०°, एक भाग १८°, कोन ३६° आणि ५४°. पूरककोन २ : ३ मध्ये, तर ७२° आणि १०८°.

नतांश

'कोटि' हा शब्द आला कुठून यावर थोडं. जुन्या गणितज्ञांनी वर्तुळाच्या तुकड्याला धनुष्य मानलं: कंस म्हणजे चाप, त्याची दोरी म्हणजे ज्या, धनुष्याचं टोक म्हणजे कोटि. काटकोन त्रिकोणातही एका बाजूला भुजा, दुसरीला कोटि आणि तिसरीला कर्ण म्हणत, भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) हीच नावं आहेत. कोनाची ज्या ती ज्या, आणि ९०° तून तो कोन वजा करून उरलेल्याची ज्या ती कोटिज्या. पुढच्या इयत्तांत जे त्रिकोणमितीचं कोष्टक येतं, त्यात ३०° चं साइन (म्हणजे ज्या) आणि ६०° चं कोसाइन (म्हणजे कोटिज्या) सारखं का असतं, याचं उत्तर नावातच आहे.

याचा रोजच्या गणितात उपयोगही होता. सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात ज्यांचं कोष्टक ३° ४५′ च्या पायरीने दिलंय, ९०° पर्यंत २४ ज्या, त्रिज्या ३४३८. आठवी ज्या ३०° ची, १७१९, म्हणजे त्रिज्येच्या बरोबर निम्मी. सोळावी ६०° ची, २९७८. कोटिज्यांसाठी वेगळं कोष्टक लागत नाही: ३०° ची कोटिज्या हवी तर २४ तून ८ वजा करा, सोळावी ज्या वाचा, २९७८. कोटिकोन माहीत असला की अर्धं कोष्टक वाचतं.

आकाशातही जोड्याच आहेत. सूर्य क्षितिजापासून किती वर ते उन्नतांश, डोक्यावरच्या बिंदूपासून किती खाली ते नतांश. दोन्ही कोटिकोन. ठिकाणाचे अक्षांश आणि त्यांचा कोटिकोन तो लंबांश. पुण्याचे अक्षांश सुमारे १८.५°, म्हणून लंबांश ७१.५°. विषुवदिनी भर मध्यान्ही पुण्यात सूर्याचे नतांश १८.५° आणि उन्नतांश ७१.५°. एक मीटरची काठी उभी केली तर सावली साधारण ३३.५ सेंमी पडते. काठी ओळंब्यात हवी, नाहीतर मापात काठीचा कल मिसळतो. आणि मध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची, पुणे त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे सूर्य सरासरी अर्ध्या तासाहून जास्त उशिरा माथ्यावर येतो. सावली सगळ्यात आखूड होते तो क्षण पकडायचा.

गच्चीवरच्या सौर पॅनलमध्येही हाच गोंधळ होतो. पॅनलचा कल सपाटीपासून १८° सांगितलेला असतो आणि बसवणारा तो उभ्या खांबापासून मोजतो. मग पॅनल ७२° वर, जवळजवळ भिंतीसारखं उभं. कोन कुठल्या रेषेपासून मोजायचा हे न लिहिता नुसता आकडा देणाऱ्याचीही त्यात चूक आहेच.

सातवी_ब

घड्याळाच्या काट्यांवरून वर्गीकरण करायला दिलंय. ३ वाजता काटकोन, ते कळलं. साडेतीनला? ती काटकोन म्हणते, कारण मोठा काटा ६ वर आणि लहान ३ वर.

कंपासपेटी

लहान काटा साडेतीनला ३ वर नसतो, ३ आणि ४ च्या मध्यावर असतो. तासाला ३०°, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. साडेतीनला तो ३ च्या पुढे १५° गेलेला. म्हणून कोन ९० − १५ = ७५°, लघुकोन. साडेनऊला उलट: लहान काटा ९ आणि १० च्या मध्ये, मोठा ६ वर, कोन ९० + १५ = १०५°, विशालकोन. दोन्ही आकडे एकमेकांचे पूरक आहेत, तिला तेही शोधू द्या. आणि काट्यांची दुसरी बाजूही विचारा: साडेतीनच्या ७५° ला पलीकडून ३६० − ७५ = २८५°, प्रविशालकोन. घड्याळ सेलवरचं, फिरवता येणारं हातात द्या.

पहिला_मजला

गुण्यात_बसवा, हॉलच्या एका कोपऱ्यात लाकडी स्कर्टिंग लावायचंय. आतला कोपरा, कोनमापीवर ८८ आला. म्हणजे पूरककोन ९२ आणि काटा ४६ वर? माझ्या मशीनला ४५ वर खटका आहे, ४६ वर तो बसत नाही.

गुण्यात_बसवा

४६ बरोबर. खटका फक्त ठरावीक आकड्यांना असतो, बाकी कुठेही टेबल मुठीने आवळून थांबवता येतो. आवळताना तो खटक्याकडे ओढला जातो, म्हणून आवळून झाल्यावर काटा परत वाचा. आणि आधी टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे कापून कोपऱ्यात धरून बघा. सांध्याची फट खोलीच्या बाजूला उघडी असेल तर काटा थोडा कमी, भिंतीच्या बाजूला उघडी असेल तर थोडा जास्त, एका वेळी पाव अंश. भिंतीवर प्लॅस्टरचा उंचवटा असेल तर मात्र कितीही काटा हलवला तरी फट जाणार नाही, आधी तो खरवडा.